बुल्स की वॉरियर्स? आधी रेषा ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या क्रीडा पुरवणीत एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधले १९९५-९६ चे शिकागो बुल्स आणि २०१५-१६ चे गोल्डन स्टेट वॉरियर्स यांची काल्पनिक मालिका वाचली. लेखकाने बुल्सना ४-२ असं जिंकवलं आहे. मी स्वतः पक्का बुल्सवाला. फेरीवाल्याकडून घेतलेली, बुल्सच्या मायकेल जॉर्डनच्या २३ नंबरची लाल जर्सी अजून कपाटात आहे. तरीही हा निकाल काही पचला नाही.

लेखात बुल्सची तीन गुणांच्या फेकीची टक्केवारी जशीच्या तशी धरली आहे. पण ज्या रेषेमागून टाकलेल्या बास्केटला तीन गुण मिळतात, ती रेषा १९९४ ते १९९७ असे तीन हंगाम एनबीएने पुढे आणून सगळीकडून २२ फुटांवर ठेवली होती. एरवी समोरून ती २३ फूट ९ इंचांवर असते. जॉर्डनचीच टक्केवारी बघा: १९९५-९६ मध्ये ४२.७, आणि रेषा मागे गेल्यावर १९९७-९८ मध्ये २३.८. वयही वाढलं होतं, मान्य. पण नुसत्या वयाने एवढी घसरण?

पावणेदोन फुटांनी काय होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांत रेषा ६.२५ मीटरवरून ६.७५ वर गेली, म्हणजे साधारण तेवढाच फरक. आमच्या शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर जुनी पिवळी रेषा कुणी खरवडली नाही, तिच्यामागे पांढरी मारली. कितीतरी दिवस मुलं पांढरीमागे उभी राहायची आणि उडी मारताना नकळत पिवळीकडे सरकायची. मी ओरडलो की मागे जायची, आणि मग चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर ठण्णकन आपटायचा. दंडात जोर होता, पण जुनं अंतर अंगात मुरलेलं.

वॉरियर्सच्या स्टीफन करीने २०१५-१६ मध्ये मागच्या रेषेवरून एकट्याने ४०२ थ्री-पॉइंटर (तीन गुणांचे बास्केट) केले. जवळच्या रेषेवरून अख्ख्या बुल्स संघाचे होते ५४४.

अर्थात माप दुसरीकडूनही लावायला हवं. तेव्हा चेंडू घेऊन येणाऱ्याच्या कमरेवर हात ठेवून त्याला दाबत नेलं, तरी पंच बरीच डोळेझाक करत. २००४-०५ पासून त्यावर कडक शिट्टी वाजू लागली. बुल्सचे पिपेन आणि हार्पर आळीपाळीने करीच्या अंगाला अंग लावून उभे आहेत आणि शिट्टी वाजत नाही, हे चित्र लेखकाला सुचलंच नाही. बुल्सवाल्याला सुचायला हवं होतं!

म्हणून माझा निकाल: २०१६ ची रेषा आणि शिट्टी असेल तर वॉरियर्स सहा सामन्यांत. १९९६ ची असेल तर बुल्स पाचांत. आणि वॉरियर्सच्या त्या हंगामातल्या ७३ विजयांचं कौतुक करताना एक विसरू नये, की तो वॉरियर्स संघ विजेता झालाच नाही. अंतिम मालिकेत क्लीव्हलँडविरुद्ध ३-१ अशी आघाडी घेऊन ते हरले. सातवा सामना ९३-८९. आपल्याकडे सोमवारची सकाळ होती. चहा तसाच गार झाला.

पुढच्या रविवारी १९८५-८६ चे बोस्टन सेल्टिक्स येणार असं पुरवणीत छापलं आहे. त्या हंगामात घरचे ४१ पैकी ४० सामने त्यांनी जिंकले, आणि तेव्हा रेषा २३ फूट ९ इंचांवरच होती. एवढं लेखकमहाशयांना जरूर कळवावं.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सातारा