बीपीची गोळी ओळखायची कशी?

मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

माझ्या आईला बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत. सकाळी टेल्मिसार्टन ४०, रात्री ॲम्लोडिपिन ५. ही नावं तिला ठाऊक नाहीत. तिच्या लेखी एक ‘लांबुडकी’ आणि एक ‘बारकी’. गेल्या पावसाळ्यात मेडिकलवाल्याकडे नेहमीची कंपनी नव्हती, म्हणून त्याने दुसरीची दिली. औषध तेच, पण गोळी गोल. जुन्या स्ट्रिपमध्ये तीन लांबुडक्या शिल्लक होत्या. आईला वाटलं, डॉक्टरांनी एक गोळी वाढवली. तीन दिवस दोन्ही घेतल्या आणि चौथ्या सकाळी मोरीच्या उंबऱ्यावरच चक्कर येऊन खाली बसली.

मग मी ती स्ट्रिप नीट पाहिली. चकाकत्या चांदीवर मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं. सहाच गोळ्या कापून दिलेल्या, त्यामुळे एक्सपायरीची कड दुकानातच राहिलेली. नावाचं शेपूट तेवढं हाती लागलं: ‘सार्टन टॅब’.

औषधाचं मूळ नाव ब्रँडपेक्षा दोन फाँट मोठं छापायचा नियम २०१८ मध्ये आला. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडवर क्यूआर कोडही आला. पण आईचा फोन बटणांचा, आणि कापलेल्या तुकड्यावर कोड उरेलच असं नाही. त्यात नावापुढची शेपटं. ‘एच’ लागलं की लघवी वाढवणारं औषध जोडलेलं, ‘एएम’ लागलं की ॲम्लोडिपिन. हे चष्मा लावूनही आईला कसं कळावं?

गोळ्या डबीत काढून ठेवा, असं शेजारी सांगतात. टेल्मिसार्टन दमट हवा ओढून घेतं, ते खायच्या वेळीच स्ट्रिपमधून काढायचं असतं. आणि आमच्या चिपळूणच्या जुलैत तर मीठसुद्धा कोरडं राहत नाही.

सगळ्या कंपन्यांनी एकच रंग वापरावा, असा माझा हट्ट नाही. इतके रंग आणायचे कुठून? अमेरिकेत मात्र गोळीवरच अक्षर-आकड्यांची खूण असावी लागते, तिच्यावरून औषध आणि कंपनी दोन्ही कळतात. आईच्या बारक्या गोळीवर अर्धी मोडायची रेघ तेवढी आहे. निदान स्ट्रिपवर प्रत्येक गोळीच्या पाठीमागे नाव, पॉवर आणि एक्सपायरी छापणं सक्तीचं करा, म्हणजे कुठूनही कापलं तरी चालेल. आणि नाव देवनागरीतही हवं. हिंदीलाही तेच चालतं, त्यामुळे हा काही एकट्या महाराष्ट्राचा हट्ट ठरत नाही.

तोवर मी स्ट्रिपवर स्केचपेनने ‘सकाळ’, ‘रात्र’ लिहितो. चांदीवर ती शाई दोन दिवसही टिकत नाही.

आपला,
एक मुलगा, चिपळूण