बाबा, तुमच्या जिनिंगचं माहेर बघायला चला

आई, बाबा,

काल फोनवर बाबा म्हणाले की अमेरिकेत येऊन बघायचं काय, मॉलच ना, तेव्हा आवाज तुटत होता म्हणून मी काही बोलले नाही, आता नीट लिहिते. एप्रिलमध्ये आलात की न्यूयॉर्क-बिर्क नंतर, आधी तुम्हाला जॉर्जियातल्या सव्हॅना या जुन्या बंदराच्या गावी नेणार. अटलांटापासून गाडीने चारेक तास, मध्ये दोनदा थांबू, काळजी करू नका.

बाबा, तुमची अख्खी नोकरी खामगावच्या जिनिंगमध्ये गेली, तर ते 'जिन', म्हणजे कापसातली सरकी काढायचं यंत्र, जन्मलं या सव्हॅनाजवळच्या एका मळ्यावर, १७९३ साली, एली व्हिटनी नावाच्या पोराच्या हातून. (आपली लाकडी चरखी त्याच्या कितीतरी आधीची, माहितीये मला, चिडू नका. पण इथल्या कापसाची सरकी चिवट, ती चरखीने सुटायची नाही.) तोवर एक माणूस दिवसभर बसला तरी जेमतेम अर्धा किलो रुई निघायची. आता यंत्र आलं म्हणजे माणसांचे हाल कमी झाले असतील असं वाटतं ना, झालं उलटंच, कापसाचा पेरा वाढला आणि गुलामांची मागणीही वाढली. १८५९ मध्ये या गावाबाहेर रेसकोर्सवर दोन दिवसांत चारशेच्या वर माणसं लिलावात विकली. नदीकाठी एका काळ्या कुटुंबाचा पुतळा आहे, पायाशी तुटलेल्या बेड्या, तिथे मी बराच वेळ उभी होते.

आणि पुढे यांचं यादवी युद्ध पेटलं, उत्तरेने दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडला कापूस मिळेना, तेव्हा मुंबईत भाव कडाडले आणि आपल्या वऱ्हाडाच्या कापसाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. १८७० ला खामगावपर्यंत रेल्वे आली ती कापसासाठीच, हे तुम्हीच मला सांगितलंय, फक्त त्याचं दुसरं टोक इथे आहे.

नदीकाठच्या जुन्या कापूस वखारींमध्ये आता सगळी दुकानंच आहेत. एका दुकानात कापसाचं बोंड सुकवून, रिबीन बांधून विकायला ठेवलेलं! मी तुमच्यासारखं चिमटीत घेऊन धागा ओढून लांबी बघत बसले, तर काउंटरवरची बाई म्हणाली, हनी, तू विकत घेणारेस का? घेतलं नाही. पैसे देऊन बोंड आणलं असतं तर तुम्ही हसला असतात.

आई, तुझ्या गुडघ्यांचं. रिव्हर स्ट्रीटवर जहाजांमधून आलेले दगड बसवलेत, मी हौसेने सँडल घातली आणि पाय मुरगळला, तू बूटच घाल. वरून खाली जायला जुने दगडी जिने आहेत, ते उभेच आहेत जवळपास, आपण लिफ्टने उतरू. बाकी गावात फुकट बस फिरते, पलीकडच्या काठाला जायची बोटही फुकट. काठावर बसायचं आणि कंटेनरची जहाजं बघायची, इमारतीएवढं जहाज हाताच्या अंतरावरून जातं, बाबा तर उठणारच नाहीत. वर गावात २२ चौक आहेत, १७३३ पासूनची आखणी, प्रत्येक चौकात झाडं आणि बाकं, म्हणजे दर पाच मिनिटांनी बसायला जागा. झाडांवरून वडाच्या पारंब्यांसारख्या राखाडी जटा लोंबतात, दिसायला सुंदर, पण हात लावू नकोस, खाली पडलेल्यात किडे असतात.

खाण्याचं म्हणशील तर जरा वांधेच आहेत. भेंडी तळून देतात. चवळी-भात असतो, पण तो बहुतेक डुकराच्या मांसासोबतच शिजवतात, आणि पालेभाजीही तशीच, एका ठिकाणी मी बिनधास्त मागवली आणि वाटीत तळाला मांसाचा तुकडा निघाला, तेव्हापासून आधी विचारते. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या, वरून तूप नाही, लोणी. आणि रस्त्याच्या कडेला मीठ घालून उकडलेल्या शेंगा मिळतात!! अगदी आपल्यासारख्या, मी गाडीत बसून एक किलो संपवल्या. लिओपोल्ड्समध्ये आइसक्रीम खाऊ, १९१९ पासूनचं दुकान, रांग लांब असते पण सरकते. टुटीफ्रुटीला रमचा वास येतो, आई तू व्हॅनिला घे. बाबा, जुन्या गावात प्लास्टिकच्या ग्लासात बिअर घेऊन रस्त्याने फिरलं तरी पोलीस काही म्हणत नाहीत, हे आईला वाचून दाखवताना गाळा.

१७ मार्चच्या आसपास नको, सेंट पॅट्रिक या आयरिश सणाची गर्दी असते, जत्राच. एप्रिल बरा, फक्त संध्याकाळी चिलटं चावतात, ओडोमॉस आणा. येताना मेतकूट चालेल, सरकी-बियाणं काही बॅगेत टाकू नका बाबा, कस्टमवाले काढून घेतात आणि वर दंड.

आणि व्हिसाचा फोटो स्टुडिओत जाऊन काढा, मागच्या वेळी घरी काढला तर डोक्यामागे कालनिर्णय आलं होतं.

तुमची,
मनू