खोडलेलं ४.९

मुलुंड, मुंबई

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज म्हणालास, "आई, प्रॅक्टिकलचं जर्नल सगळेच एकमेकांचं बघून छापतात, सरांनाही माहीत असतं." असतंच. रसायनाची प्रॅक्टिकलं घेत माझी बावीस वर्षं गेली. सबमिशनच्या आदल्या दिवशी स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे कुणाचं जर्नल फिरतंय, तेही कळतं. आणि खरं सांगू? समोर चाळीस जर्नलं आणि डोक्यात साडेपाचची लोकल, अशात मीही कितीदा नुसती पानं उलटून सही ठोकली आहे. तेव्हा तुला ओरडायचा हक्क मला अर्धाच.

एका वर्षी लॅबमध्ये सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण चुकून निम्म्या तीव्रतेचं झालं. फ्लास्कमध्ये ते १० मिली घेतलं की, गुलाबी रंग जाईपर्यंत ब्युरेटच्या नळीतून थेंबथेंब सोडलेल्या आम्लाचं रीडिंग ५ च्या आसपास यायला हवं. जर्नलांत मात्र ओळीनं ९.८, ९.८, ९.८. म्हणजे आदल्या वर्षीच्या मुलांचं! एकीच्या जर्नलात तेवढं ४.९ होतं, तेही खोडून वर ९.८ केलेलं. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, सगळ्यांचं वेगळं होतं, मला वाटलं माझंच चुकलं." अख्ख्या बॅचमध्ये गुलाबी रंग नेमका कधी गेला, हे तिनं एकटीनं नीट पाहिलं होतं.

छापणाऱ्यांवरचा राग दोन दिवसांत ओसरला. ते खोडलेलं ४.९ अजून डोळ्यांसमोरून जात नाही. शिवाय तेव्हापासून एखाद्याचं रीडिंग चोख आलं की मला आधी संशयच येतो. नीट काम केलेल्या पोराला उगाच दोन प्रश्न जास्त विचारले जातात.

तुझ्या प्रबंधातली उचलेगिरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या रिपोर्टमध्ये साम्य ८ टक्केच निघालं म्हणून तू खुशीत होतास. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत प्रबंधाला १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. पण ते सॉफ्टवेअर शब्द जुळवतं रे. छापलेलं ९.८ त्याला कुठून कळणार?

ग्राफवर बसत नव्हते म्हणून तू जे दोन आकडे गाळलेस, ते परत लिही आणि गाइडना दाखव. कदाचित चिडतील. काय म्हणाले ते कळव.

बाबांनी चकल्या पाठवल्या आहेत. मागचा डबाही अजून तुझ्याकडेच आहे, येताना आण.

तुझी,
आई