शेअरपॉइंट शिकवा, पण पायापासून

मा. संपादक,
स. न.

आपल्या करिअर पुरवणीत सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांविषयी नेहमी येतं, म्हणून हे पत्र. इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर मोठ्या कंपन्या आल्या आणि भंवरकुआं, विजयनगर भागात क्लासेसचं पीक आलं. आमच्याकडे मुलाखतीला येणाऱ्या मुलांच्या बायोडेटावर 'शेअरपॉइंट' (कचेरीतल्या फाइली आणि याद्या एकत्र ठेवण्याची मायक्रोसॉफ्टची प्रणाली) हमखास असतं. वेब पार्ट (पानावर बसवायचे तयार तुकडे) बसवतात, पान झकास सजवतात. पण 'कंटेंट टाइप कशाला लागतो?' म्हटलं की गाडी अडते.

करारपत्राचे रकाने (पक्षकार, तारीख, मुदत) एकदा ठरवून द्यायचे आणि प्रत्येक लायब्ररीत (फाइलींच्या कपाटात) तेच वापरायचे, एवढीच ती गोष्ट. नाहीतर एकीकडे 'तारीख', दुसरीकडे 'दिनांक', तिसरीकडे 'डेट'. मग शोधून दाखवा चालू वर्षात मुदत संपणारे करार! परवानग्यांचंही तेच. त्या साइटवरून लायब्ररीत, तिथून फोल्डर आणि फाइलपर्यंत वारशाने उतरतात. साहेबांनी सांगितलं म्हणून फाइलगणिक वारसा तोडत गेलं, की कोणाला काय दिसतं हे पुढे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.

खरी परीक्षा ५,००० नोंदींवर होते. शेअरपॉइंटच्या एका यादीत तीन कोटी नोंदी मावतात, मग एका व्ह्यूला (यादीतल्या निवडक नोंदी दाखवणाऱ्या मांडणीला) ५,००० चीच मर्यादा का? बहुतेक जण 'मायक्रोसॉफ्टचा नियम' म्हणून मोकळे होतात. खरं कारण खाली एसक्यूएल सर्व्हरमध्ये, म्हणजे ही माहिती साठवणाऱ्या डेटाबेसमध्ये आहे. कितीतरी याद्यांच्या ओळी तिथे एकाच टेबलात असतात. एका क्वेरीने (माहिती मागणाऱ्या आज्ञेने) साधारण पाच हजार ओळींना कुलूप लावलं, की सर्व्हर सुट्या कुलपांचा नाद सोडून अख्खं टेबलच बंद करू शकतो, आणि त्यात भलत्याच लोकांचं काम अडकतं. म्हणून ज्या रकान्यावर गाळणी लावायची, त्याला यादी लहान असतानाच इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखा, म्हणजे सगळ्या ओळी चाळाव्या लागत नाहीत) द्यायचा. फोल्डर करून नोंदी कोंबणं हा उपाय नव्हे.

काही क्लासमध्ये अजून शेअरपॉइंटच्या २०१० च्या आवृत्तीच्या नोट्स फिरताना मी पाहिल्यात. तिचा आधार मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०२१ मध्येच काढून घेतला. आता क्लाउडवर सर्व्हरमध्ये आपला कोड घालता येत नाही. तो टाइपस्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहायचा आणि तो ब्राउझरमध्ये चालतो.

पालकांनी फी भरण्याआधी क्लासवाल्यांना एवढंच विचारावं : सहा हजार नोंदींची यादी मुलांकडून करून घेता का? आणि ती अडली की पुढे काय शिकवता?

— एक सॉफ्टवेअर अभियंता, इंदूर