जुने ठसे परत आणताय ना, मग नावं पण आणा

संपादक साहेब, नमस्कार.

जुन्या फुलापानांच्या ठशांवरून परत कापड छापायला लागलेत असा लेख तुमच्या पुरवणीत आलाय, तो वाचला. लेख मस्त, फोटो तर एक नंबर, पण फोटोखाली काय तर 'विंटेज डिझाइन'. बस्स एवढंच? अहो ते कोणीतरी काढलंय, कोणीतरी लाकडात कोरलंय, त्याचं काय?

आता डोरोथी लार्चर हे नाव आपल्याकडे कितीजणांनी ऐकलंय सांगा. 1910 च्या आसपास लेडी हेरिंगहॅम नावाच्या इंग्रज चित्रकार अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला आल्या होत्या, त्यांच्याबरोबर नंदलाल बोस होते हे सगळे सांगतात, पण त्याच टीममध्ये या लार्चरबाई पण होत्या हे कोणी सांगत नाही. नंतर इंग्लंडला परत जाऊन त्यांनी फिलिस बॅरन या बाईंबरोबर ठशांनी कापड छापायचं काम सुरू केलं, 1923 पासून थेट दुसऱ्या महायुद्धापर्यंत, डिझाइन स्वतःचं, छपाई स्वतःची, बहुतेक ठसे पण स्वतःच कोरलेले. युद्धात माल मिळेना म्हणून काम बंद पडलं आणि लार्चरबाई फुलांची चित्रं काढत बसल्या. गंमत म्हणजे बॅरनची सुरुवातच मुळात फ्रान्समध्ये हाती लागलेल्या जुन्या ठशांपासून झाली होती, ते ठसे कोरणाऱ्यांची नावं माझ्या तरी वाचनात कधी आली नाहीत. उलट इंग्लंडच्या विल्यम मॉरिस या डिझायनरचं बघा, त्याची कंपनी 1940 ला बंद झाली तरी वॉलपेपरचे ठसे सँडरसन कंपनीनं घेतले, ठसे आणि नाव एकत्र राहिलं, म्हणून आज त्याचं नाव सगळ्यांना पाठ. म्हणजे ठसे एकीकडे आणि नाव दुसरीकडे झालं की माणूस गायबच.

दुसरा मुद्दा स्कॅनिंगचा. जुना छापा स्कॅन करायचा, डिजिटल मशीनवर छापायचा आणि वर 'हँड ब्लॉक'चं, म्हणजे हातानं ठसे मारून छापल्याचं लेबल लावायचं, हे सर्रास चाललंय. मी अशा एका कापडावर पिनांचे ठिपके पण छापलेले पाहिले! ठसा नीट जुळवून ठेवता यावा म्हणून त्याच्या कोपऱ्यात बारीक पिना मारतात, त्यांचे ते ठिपके, मशीनला त्यांचा काय उपयोग? तसंच ठसा झिजून एखाद्या पानाची शीर मधेच तुटली असेल तर स्कॅनमध्ये ती तुटलेलीच येते आणि पुढच्या प्रत्येक मीटरवर तीच तुटकी शीर. कोरणाऱ्यानं ती अखंडच कोरली होती हो.

मग काय करायचं, तर नवीन ठसा कोरायचा. मूळ ठसा छापत बसायचं नाही, जुनं लाकूड सुकून वाकलेलं असतं, त्यावर परत ओला रंग आणि ठोकाठोकी केली की तडा गेलाच म्हणून समजा. तो जपून ठेवायचा, त्याचा एक स्वच्छ छाप घ्यायचा आणि त्यावरून नवीन कोरायचा. पण इथे पण डोकं लावावं लागतं कारण ठसा उलटा कोरावा लागतो, छाप तसाच लाकडावर चिकटवून कोरला तर कापडावर चित्र आरशातल्यासारखं उलटं येणार. एखाद्या सुट्या फुलाला तसा फारसा फरक पडत नाही, पण वेल असेल तर वाट लागते. मॉर्निंग ग्लोरीचा वेल एका बाजूनं पीळ घेत चढतो, हनीसकलचा त्याच्या बरोब्बर उलट, आणि झाडं नीट बघून काढणाऱ्या कलाकाराला हे माहीत असतं. आपण उलटं छापलं तर निसर्गात नसलेला वेल त्याच्या नावावर खपवला असं होईल. कोरणाऱ्याच्या शेजारी झाडांची माहिती असलेला एखादा माणूस बसवला तर काय बिघडतं? आणि रंग वेगवेगळे असतील तर रेघेचा ठसा वेगळा, आत भरायचा वेगळा, मोठ्या जागेत रंग सपाट बसावा म्हणून ठशात फेल्ट (दाबलेल्या लोकरीचं जाड कापड) पण बसवतात, हे सगळं वेळखाऊ आहे, कापड महाग पडणारच. पडू दे. ज्याला स्वस्त पाहिजे त्यानं मशीनचं घ्यावं, माझं काही म्हणणं नाही, फक्त लेबलवर मशीनचं आहे असं लिहा.

लेबलवर चार गोष्टी पाहिजेत. चित्र कोणाचं, जुना ठसा कोणी कोरला (माहीत नसेल तर 'कोरणारा अज्ञात' असं स्पष्ट लिहा, गाळू नका), नवीन कोणी आणि कुठल्या साली कोरला, आणि झाडाचं नाव. नवीन कोरणाऱ्याचं नाव आत्ता नाही लिहिलं तर पन्नास वर्षांनी तो पण 'विंटेज डिझाइन' होऊन बसेल.

आणि सुरुवात तुमच्यापासूनच करा ना साहेब, त्या लेखातल्या फोटोंमधली डिझाइन्स कोणाची होती ते लेखकाला विचारून पुढच्या पुरवणीत छापा, चौकट छोटी असली तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक