रामटेकच्या पायऱ्यांवर तू दोनदा थांबलास

बेटा,

काल रात्री फोनवर तू म्हणालास, आत्ताच जेवण आलं बाबा, तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते आणि मागे पार्सलची पिशवी फाडल्याचा आवाज येत होता. तेव्हापासून मनात आहे की तुला एकदा नीट लिहायचं. फोनवर मी विषय काढला की तू "हो बाबा, हो बाबा" करतोस आणि तिथंच संपते सगळं, म्हणून व्हॉट्सअपवर एवढं मोठं टाईप करून राहिलो. एका बैठकीत नाही वाचलंस तरी चालेल पण वाच.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आपण रामटेकला गेलो होतो ना, अंबाळा तलावाच्या बाजूनं पायऱ्या चढताना तू दोनदा थांबलास, गुडघ्यांवर हात ठेवून. दुसऱ्यांदा तर घाम हनुवटीवरून खाली टपकत होता, आणि साठीच्या पुढच्या दोन बाया हातात पूजेचं ताट घेऊन गप्पा मारत आपल्या बाजूनं वर निघून गेल्या. तू हसून म्हणालास, "सवय नाही राहिली." आई पण हसली. मला नाही हसू आलं बेटा, सत्तावीस वर्षांचा आहेस तू.

तुझ्या वयात मी महाल-इतवारीत टपाल वाटत होतो हे तुला माहीत आहे, पण ते काम काय होतं ते तू बघितलं नाहीस. सकाळी टपाल लावून झालं की बॅग सायकलला अडकवून निघायचं, एकेका गल्लीत दहा वेळा उतरायचं, रजिस्ट्री असली की तिसऱ्या माळ्यावर चढायचं, मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला तरी बीट पूर्ण करायचीच. दोन-अडीचला घरी आलो की ज्वारीच्या तीन भाकरी, झणझणीत झुणका, वर भाताचा ढीग आणि कच्चं तेल. वजन ६१ किलो, वर्षानुवर्षं तेवढंच. काटोलला आबाजींचं पण तेच, दिवसभर संत्र्याच्या बागेत आणि रात्री पोटभर जेवण, ऐंशी वर्षांचे झाले तरी शुगर नाही.

मग २००९ ला खात्याची परीक्षा पास झालो आणि काउंटरवर आलो. तू पाचवीत होतास, पेढे वाटले होते आपण. त्याच वर्षी मोटरसायकल घेतली आणि सायकल तुझ्या काकाला देऊन टाकली. ताट मात्र तेच राहिलं, सायकलवाल्याचं. तीन भाकरी तशाच, भात तसाच, त्यात ऑफिसातला चार वेळचा गोड चहा आणि बिस्किट वाढलं. पॅन्ट ३० ची ३६ झाली तरी मी म्हणायचो वय झालं की होतेच थोडं.

२०२२ मध्ये तपासणी केली तर उपाशीपोटी शुगर ११८ आणि एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, ६.३. डॉक्टर म्हणाले डायबेटिस नाही, पण उंबरठ्यावर आहात. एचबीए१सी ५.७ ते ६.४ ही मधली पट्टी, ६.५ झालं की पलीकडे. मला खरंच राग आला होता. दारू नाही, खर्रा नाही, बाहेरचं खाणं महिन्यातून एखादवेळी, मग मलाच काऊन? डॉक्टरांनी एकच विचारलं, दिवसाचे किती तास बसून असता? मी मोजले. ऑफिस, जेवण, टीव्ही धरून अकरा तास.

त्यांनी जे समजावलं ते तुला सांगतो कारण ते मला तुझ्या वयात कोणी सांगितलं नाही. आपण भाकरी, भात, पोळी खातो त्याची साखर होऊन रक्तात येते, आणि ती ठेवायची सगळ्यात मोठी जागा म्हणजे आपले स्नायू, त्यातही मांड्या आणि पोटऱ्या. स्नायू चालले की ते रक्तातली साखर ओढून घेतात, त्यासाठी इन्सुलिनवर, म्हणजे रक्तातली साखर कमी करणाऱ्या हार्मोनवर, पण फार अवलंबून राहत नाहीत. बसून राहिलं की सगळा भार इन्सुलिनवर. वर्षानुवर्षं असं झालं की शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होते आणि चरबी पोटावर, लिव्हरमध्ये साठत जाते. आपल्या भारतीय लोकांत हे कमी वजनातच सुरू होते, हातपाय बारीक आणि पोट पुढे. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ च्या अभ्यासात देशात १० कोटींवर लोकांना डायबेटिस आणि साडेतेरा कोटींवर लोक माझ्यासारखे उंबरठ्यावर असल्याचं आलं.

तुला आठवते ना, मी शुगर मोजायची मशीन आणली होती आणि आई म्हणाली होती कशाला उगीच बोटं टोचता. मी एक प्रयोग केला होता. दोन दिवस रात्री अगदी सारखं जेवलो, दोन पोळ्या, वांग्याची भाजी, वरण आणि वाटीभर भात. पहिल्या दिवशी जेवून टीव्हीसमोर बसलो आणि दीड तासानं मोजलं, १८७. दुसऱ्या दिवशी हात धुतले, चप्पल घातली आणि रेशीमबाग मैदानाकडे वीस मिनिटं साधं चालून आलो. त्याच वेळेला मोजलं, १५१. जेवण तेच, माणूस तोच. मी कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत राहिलो होतो. तेव्हापासून रात्रीचं चालणं सोडलं नाही, पावसात गच्चीखालच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारतो. भात अर्धा केला, चहातली साखर बंद केली. आठ महिन्यांत सात किलो उतरलं, एचबीए१सी ५.८ वर आलं.

आता तुझं. मी सायकल सोडून खुर्चीवर आलो तेव्हा अडतीस वर्षांचा होतो, तू बाविसाव्या वर्षीच बसलास. लिफ्ट, कॅब, खुर्ची, बेड. जिमचे वर्षाचे पैसे भरलेस आणि दोन आठवडे गेलास, त्याचा राग नाही मला, जिम चांगलीच आहे, पण दहा तास बसून एक तास जिम करायची आणि तीही जमली नाही की काहीच करायचं नाही, असं नको करू. आठवड्याला दीडशे मिनिटं तरी दम लागेल असं भरभर चालणं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, एवढं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. त्या अर्ध्या तासाचे दोन तुकडे जेवणानंतर पाड. क्लायंटचा कॉल असला तर कानात लावून चाल, कॅमेरा थोडीच रोज लागतो. ताकदीसाठी पावडर नको आणू आधी, घरात उठाबशा आणि जोर काढ, दहापासून सुरू कर.

आणि खाणं. तुझ्या आईनं तू आलास म्हणून रोज काहीतरी तळलं, ते सणाचं होतं, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. वर्षातून दोनदा येतोस, सावजी खा, तर्री पोहे पण खा, फक्त पोह्यावर चना जास्त घे आणि वरचा तेलाचा तवंग कमी. मला काळजी बाकीच्या साडेतीनशे दिवसांची आहे. तुझ्या ताटात पोळ्या चार आणि वरण वाटीच्या तळाशी असते, ते उलट कर. अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, पाव ताट डाळ, चना, अंडी किंवा दही, आणि उरलेल्या पावात पोळी नाहीतर भात. हल्ली सगळे ज्वारी-बाजरीच्या मागे लागले, चांगलं आहे, पण ज्वारी म्हणजे औषध नाही, चार भाकरी खाल्ल्या तर तिनं पण शुगर वाढते. संत्र्याचं तेच, ज्यूसच्या एका ग्लासात चार संत्र्यांची साखर येते आणि चोथा फेकला जाते. सोलून खा, दोन खाल्ली की पोट भरते. पाकिटावर मागच्या बाजूला घटक असतात ते वाचत जा, जे सगळ्यात जास्त टाकलं ते पहिलं लिहिलेलं असते. तुझ्या त्या "हेल्दी" बिस्किटांच्या पाकिटावर पहिलं नाव मैद्याचं होतं आणि दुसरं साखरेचं, मी वाचलं.

रात्रीचं जेवण नऊच्या आत होणं तुझ्या कामात कठीण आहे हे मला समजते. मग निदान सातला डब्यातलं काहीतरी खाऊन घे, दोन उकडलेली अंडी किंवा भिजवलेला चना, म्हणजे अकराला मोबाईलवर बिर्याणी शोधणार नाहीस.

तुझा मित्र शनिवारी निघून राहिला पुण्याला, त्याच्याजवळ डबा देतो. आईनं जवसाची चटणी केली आहे, तेल न घालता, कोरडी, महिनाभर टिकते, दह्यात कालवून खा. तुरीच्या शेंगा आता बाजारात भरपूर आहेत, त्याचे सोले काढून फ्रीजरमध्ये ठेवले होते ते पण देतो, पोचले की लगेच फ्रीजरमध्ये टाक. काटोलची पंचवीस संत्री आहेत, रूमवरच्या पोट्ट्यांना पण दे.

डब्याच्या वर आईच्या शिलाईमशीनची टेप ठेवली आहे. सकाळी उठल्यावर, काही खायच्या आधी, श्वास सोडून बेंबीच्या पातळीवर पोट मोज, पोट आत ओढू नको. पुरुषांना ९० सेंटीमीटरच्या आत पाहिजे. सोबत उपाशीपोटीची शुगर आणि एचबीए१सी करून घे, घरात माझा इतिहास आहे म्हणून तुला तीस व्हायची वाट बघायची नाही. पैसे मी टाकतो. रविवारी सकाळी फोन करीन तेव्हा टेपचा आकडा सांग, जो असेल तो सांग, माझा पण सांगतो, या महिन्यात ९३ आहे.

तुझे बाबा