पगाराची ओळ कापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी-मार्च आला की पेपरात करबचतीचे लेख येतात आणि त्यात सामाजिक संस्थांना देणगी द्या, ८०जी ची म्हणजे देणगीवर आयकरात सूट मिळवून देणारी पावती घ्या हे असतंच. चांगलंच आहे ते. पण ती देणगी मागायला जी माणसं फिरतात त्यांच्याबद्दल कधी काही वाचायला मिळत नाही म्हणून लिहितेय. मी पुण्यातल्या एका छोट्या संस्थेत फंडरेझिंगचं काम करते, वस्तीतल्या मुलांचे अभ्यासवर्ग चालतात आमचे.

मला सगळ्यात जास्त विचारतात तो प्रश्न म्हणजे, ताई माझ्या शंभर रुपयातले मुलांपर्यंत किती पोचतात? विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पैसे खाणाऱ्या संस्था आहेत, विचारायलाच हवं. पण पोचतं म्हणजे नक्की काय पोचतं? वही पोचते, दप्तर पोचतं, त्याचा फोटो निघतो. रोज संध्याकाळी वस्तीत बसून तिसरीतल्या पोराला हातच्याची बेरीज शिकवणारी जी ताई आहे तिचे पैसे बजेटमधे ‘मानधन’ म्हणून दिसतात आणि मीटिंगमधे पहिली कात्री तिथेच लागते. वह्या वाढवा, माणसं कमी करा असं मला तोंडावर सांगितलंय लोकांनी. अहो पण शिकवणार कोण?

२०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ मुळे मोठ्या कंपन्यांना मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सीएसआरवर म्हणजे सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, एप्रिल २०१४ पासून हे सुरू आहे आणि त्याचा आमच्यासारख्यांना खूप आधार झाला हे मी मनापासून म्हणते. पण त्या नियमात ५ टक्के प्रशासकीय खर्चाची जी मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआरच्या कारभारावर आहे, आणि काही ठिकाणी तीच उचलून संस्थेच्या बजेटला लावतात, मग त्या ५ टक्क्यात अकाउंटंट, ऑडिट, ऑफिसचं भाडं, लाइटबिल आणि मी, सगळे बसवायचे. परदेशी देणग्यांचं तर २०२० च्या एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या दुरुस्तीत प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली आणि तो पैसा एका संस्थेने दुसरीला देणंही बंद केलं, म्हणजे मोठ्या संस्थेकडून छोट्या संस्थेला जे थोडंफार मिळायचं ती वाट संपली. घरगुती देणगीदार पण कमी होतायत, नव्या करप्रणालीत ८०जी ची सूट नाही आणि २०२३-२४ पासून तीच आपोआप लागू होते, त्यामुळे मार्चमधे आठवणीने चेक देणारे काका-काकू आता म्हणतात की आम्हाला फायदा नाही गं.

आता घरातलं सांगते. आमचे पगार प्रोजेक्टला बांधलेले असतात. करार एप्रिल ते मार्च, पण पहिला हप्ता कधी जूनमधे येतो कधी पार गणपतीत, मधे वर्ग बंद ठेवता येत नाहीत कारण मुलं तर येणारच. संस्था आधी शिकवणाऱ्या ताईंचं मानधन देते, ते बरोबरच आहे, आणि आमचं ऑफिसवाल्यांचं थांबतं. बँकेला याचं काय, घराचा हप्ता ५ तारखेला म्हणजे ५ तारखेला, खात्यात पैसे नसले की बाउन्स, त्याचा दंड वेगळा आणि सिबिल स्कोअर पडतो तो वेगळा. मागच्या वर्षी पाटल्या सोनेतारणाला ठेवल्या त्या अजून सुटल्या नाहीत. मुलीची फी भिशीतून भरली. दिवसभर पंचवीस लाखाच्या प्रपोजलवर बोलायचं आणि संध्याकाळी वाण्याला पुढच्या आठवड्यात देते म्हणायचं, याची लाज नाही वाटत मला पण थकवा फार येतो. त्यात नातेवाईक विचारतात, समाजसेवा करता ना मग पगार कशाला? नवऱ्याची नोकरी आहे म्हणून निभतंय. माझ्याबरोबरची एक मुलगी घरात एकटी कमावती होती, कामात अतिशय हुशार, ती इन्शुरन्स विकायला गेली. टार्गेट इथेही होतं आणि तिथेही आहे, पण तिथे पगार एक तारखेला होतो.

तुमच्या वाचकांमधे कंपन्यांत सीएसआर बघणारे नक्की असतील. त्यांना कळकळीने सांगायचंय की पगाराच्या ओळीवर हवे तेवढे प्रश्न विचारा, हिशोब मागा, वस्तीत येऊन बघा, पण ती ओळ सरळ खोडू नका आणि करार एप्रिलपासूनचा असेल तर पहिला हप्ता एप्रिलमधेच सोडा, उरलेले कामाचा रिपोर्ट बघून द्या, आमची काही तक्रार नाही. घरून देणगी देणाऱ्यांनी जमलं तर ‘फक्त वह्यांसाठी’ अशी अट घालू नये, जिथे गरज असेल तिथे वापरा म्हणावं. आणि पॅन नंबर मागायला आमचा फोन आला तर रागावू नका, संस्थेला ३१ मेपर्यंत १०बीडी म्हणजे देणगीदारांची माहिती आयकर खात्याला देणारा फॉर्म भरावा लागतो आणि त्यात तुमचा पॅन नसेल तर जुन्या करप्रणालीतली तुमची सूटच अडकते.

आपली,
एक वाचक, पुणे
(नाव छापू नये ही विनंती.)